ऑफिसमध्ये अ‍ॅक्सेस पॉइंट नेमका कुठे लावावा?

अनुस्वार
नमस्कार मंडळी. आमचं ऑफिस एकाच मजल्यावर आहे, साधारण तीस मीटर लांब आणि चौदा मीटर रुंद. माणसं चाळीसच्या आसपास. एका टोकाला सर्व्हरची खोली, मग मोठा हॉल, आणि पार दुसऱ्या टोकाला दोन मीटिंग रूम आणि तीन केबिन. हॉल आणि मीटिंग रूम यांच्यामध्ये लिफ्टची शाफ्ट आणि स्वच्छतागृहं येतात, त्यांना वळसा घालून एक पॅसेज जातो.

इंटरनेटची लाइन सर्व्हरच्या खोलीत येते, म्हणून वाय-फायही तिथूनच. लोखंडी रॅकच्या आत एकच राउटर आहे. हॉलमध्ये काम निभतं. मीटिंग रूममध्ये व्हिडिओ कॉल सुरू केला की आवाज तुटतो, समोरच्याचं चित्र गोठतं. फोनवर मात्र तीन दांड्या दिसत असतात.

आता चांगला अ‍ॅक्सेस पॉइंट, म्हणजे केबलला जोडून वाय-फाय हवेत सोडणारं वेगळं यंत्र, घ्यायचं ठरलं आहे. हॉलच्या मधोमध छताला लावावा, की पॅसेजमध्ये, म्हणजे दोन्हीकडे रेंज जाईल? एक पुरेल का? केबल एकदा ओढली की पुन्हा छत उघडायला कोणी तयार होत नाही, म्हणून आधीच विचारते आहे.

उत्तररात्र
पहिलं काम, राउटर रॅकमधून बाहेर काढा. लोखंडी पेटीत बसून तो बोलणार कोणाशी? दुसरं, पॅसेजमध्ये एक रिपीटर लावून बघा. केबलची कटकट नाही, प्लग लावला की झालं.

मध्यलय
रॅकबद्दल पूर्ण सहमत. रिपीटरबद्दल नाही. चाळीस माणसांच्या ऑफिसात तो तात्पुरता उपाय म्हणूनही मी सुचवणार नाही. साधा रिपीटर एकाच रेडिओवर ऐकतो आणि तेच पुन्हा त्याच चॅनेलवर (लहरींच्या ठरावीक पट्टीवर) बोलतो. म्हणजे प्रत्येक पॅकेट (डेटाचा छोटा तुकडा) हवेतून दोनदा जातं आणि वेग साधारण निम्म्यावर येतो. शिवाय तो बसणार लिफ्टच्या शाफ्टजवळ, जिथे त्याला स्वतःलाच राउटर नीट ऐकू येत नसेल. आलेला कमकुवत सिग्नल तो पुढे जोरात सांगेल, त्यामुळे मीटिंग रूममध्ये दांड्या पाच दिसतील आणि कॉल आहे तसाच तुटेल.

अनुस्वार, दांड्यांवर जाऊ नका. किती डेसिबलला किती दांड्या दाखवायच्या याचं कोणतंही प्रमाण नाही, प्रत्येक कंपनी आपल्या मनाने ठरवते. आकडा बघा. तो डीबीएममध्ये (सिग्नलच्या शक्तीच्या एककात) असतो आणि उणे असतो, शून्याच्या जितका जवळ तितका चांगला. उणे ३० म्हणजे अ‍ॅक्सेस पॉइंटच्या शेजारीच उभं राहिल्यासारखं. व्हिडिओ आणि व्हॉइस कॉलसाठी उणे ६७ किंवा त्याहून चांगलं धरून आराखडा करतात. उणे ७५ च्या पुढे मेल येतील, पण कॉल बेभरवशाचे होतात. मॅक असेल तर ऑप्शन कळ दाबून धरा आणि वरच्या पट्टीतल्या वाय-फायच्या चिन्हावर क्लिक करा, सिग्नल आणि नॉइज (आसपासचा रेडिओ गोंगाट) दोन्हींचे आकडे दिसतात. अँड्रॉइडवर वाय-फाय मोजणारी अ‍ॅप आहेत. त्यात एक अडचण अशी की अँड्रॉइड ९ पासून कुठल्याही अ‍ॅपला दोन मिनिटांत चारच वेळा आसपासची नेटवर्क धुंडाळता येतात. भराभर चालत गेलात तर मागच्या खोलीचा आकडा पुढच्या खोलीत दिसेल. एका जागी थांबा, आकडा स्थिरावू द्या, मग लिहून घ्या.

आणि नॉइजही लिहा. सिग्नल उणे ६७ आणि नॉइज उणे ९२ असेल तर मध्ये २५ डेसिबलचं अंतर आहे, उत्तम. तोच नॉइज उणे ८० असेल तर उणे ६७ सुद्धा फारसा कामाचा नाही.

अनुस्वार
रॅकच्या बाहेर काढून मोजलं. ५ गिगाहर्ट्झवर (वाय-फायचा एक पट्टा हा, दुसरा २.४ चा) हॉलमध्ये सर्व्हरच्या खोलीकडच्या बाजूला उणे ५८, हॉलच्या पलीकडच्या टोकाला उणे ७१, मोठ्या मीटिंग रूममध्ये उणे ८३. कोपऱ्यातल्या केबिनमध्ये फोन ५ वर राहतच नाही, २.४ वर उतरतो. नॉइज सगळीकडे उणे ९० च्या आसपास.

गणितप्रेमी
हे आकडे रचनेशी जुळतात. मोकळ्या जागेत अंतर दुप्पट झालं की सिग्नल ६ डेसिबलने पडतो. ३ डेसिबल पडला म्हणजे शक्ती निम्मी, १० पडला म्हणजे दहावा हिस्सा. नुसत्या अंतरामुळे हॉलच्या टोकापासून मीटिंग रूमपर्यंत चार-पाच डेसिबलच जायला हवे होते. तुमचे १२ गेले. वरचे गेले भिंतींमध्ये आणि लिफ्टमध्ये.

कशात किती जातं याचा ढोबळ अंदाज: जिप्समचं पार्टिशन किंवा साधी काच दोन-तीन डेसिबल, विटांची भिंत सहा ते दहा, काँक्रीट दहापासून वीसपर्यंत आणि जाड असेल तर त्याहून जास्त. लिफ्टच्या शाफ्टमध्ये काँक्रीट, रूळ, लोखंडी केबिन सगळंच असतं, तिथून आरपार जाईल अशी आशाच धरू नये. काचेतही फरक आहे. ऊन अडवण्यासाठी धातूचा अतिशय पातळ थर दिलेली काच दिसायला पारदर्शक असली तरी सिग्नलसाठी भिंतीसारखी वागते.

फोन २.४ वर उतरण्याचं कारणही त्यातच आहे. त्याच अंतराला ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल २.४ पेक्षा सहा-सात डेसिबलने कमी पोचतो, आणि भिंतीतही बहुधा जास्त अडतो.

उत्तररात्र
मग अ‍ॅक्सेस पॉइंटची पॉवर पूर्ण वाढवली तर? सेटिंगमध्ये ‘हाय’ असतं की.

मध्यलय
हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक ऑफिसात येतो, म्हणून सविस्तर लिहिते.

वाय-फाय दोन्ही बाजूंनी चालतं. समजा अ‍ॅक्सेस पॉइंट २३ डीबीएमने पाठवतोय आणि तुमचा फोन १४ ने. फोनची बॅटरी आणि अँटेना दोन्ही लहान, तो याच्या फार वर जात नाही. वाटेतली घट दोन्ही दिशांना सारखीच. फोनला अ‍ॅक्सेस पॉइंट उणे ७० ला ऐकू आला, तर अ‍ॅक्सेस पॉइंटला फोन उणे ७९ ला ऐकू येणार. फोन छान रेंज दाखवतो आणि त्याचं बोलणं मात्र पलीकडे पोचत नाही. मीटिंगमध्ये ‘तुमचा आवाज येत नाही’ असं लोक आपल्याला म्हणतात आणि आपल्याला त्यांचा आवाज स्वच्छ येत असतो, त्यामागे अनेकदा हेच असतं.

पॉवर वाढवल्याने आणखी एक नुकसान होतं. एका चॅनेलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो. पाठवण्याआधी प्रत्येक उपकरण ऐकतं, कोणी बोलत असेल तर थांबतं. दूरवर पोचणारा अ‍ॅक्सेस पॉइंट दूरच्या, हळू बोलणाऱ्या फोनला धरून ठेवतो. १५०० बाइटचं पॅकेट ३०० मेगाबिट वेगाने हवेत ४० मायक्रोसेकंद घेतं. तेच ६ मेगाबिटवर २००० मायक्रोसेकंद, म्हणजे पन्नासपट. कोपऱ्यातल्या केबिनमधला एक फोन फाइल उतरवत बसला की हॉलमधल्या सगळ्यांची पाळी लांबते. लोक म्हणतात नेट स्लो आहे. लाइन मोकळीच असते, हवा व्यापलेली असते.

म्हणून मी आराखडा फोनच्या बाजूने करते. ऑफिसातला सर्वांत कमकुवत फोन घ्यायचा, त्याचा आवाज आरामात पोचेल इतक्या अंतरावर अ‍ॅक्सेस पॉइंट ठेवायचा, आणि पॉवर मध्यम.

सावलीतलं_झाड
वाचतेय. आमच्याकडेही ‘तुमचा आवाज येत नाही’ रोज चालू असतं. आम्ही हेडफोन बदलत होतो.

तारजोडणी
माझं काम केबल ओढण्याचं, म्हणून जागेबद्दल बोलतो. अ‍ॅक्सेस पॉइंट कुठे लागतो? बहुतेक ठिकाणी जिथे केबल आधीच आलेली असते तिथे, किंवा जिथे तो दिसणार नाही तिथे. कपाटावर, टीव्हीच्या मागे, फॉल्स सीलिंगच्या वर. तिन्ही जागा वाईट. टीव्हीचं मागचं अंग धातूचं असतं. फॉल्स सीलिंगच्या वर एसीचे पत्र्याचे डक्ट, पाण्याचे पाइप, केबलचे ट्रे, आणि सीलिंगची चौकटही धातूची. काही टाइल्सना मागून फॉइल असतं, तेव्हा तर अ‍ॅक्सेस पॉइंट बंद डब्यात गेला.

छताला लावायचे जे चपटे गोल किंवा चौकोनी अ‍ॅक्सेस पॉइंट मिळतात, ते छताच्या खालच्या बाजूला, तोंड खाली करून, लोकांना दिसतील असे लावायचे. त्यांची अँटेना त्या हिशेबाने बनवलेली असते: चहूबाजूंना पसरट फैलाव, वर कमी. तोच भिंतीवर उभा लावला की फैलाव उभा होतो. काही सिग्नल भिंतीमागे, बराचसा वरच्या आणि खालच्या मजल्यावर. भिंतीवरच लावायचा असेल तर भिंतीसाठी बनवलेला घ्या.

छताची उंची अडीच ते चार मीटर असेल तर काही वेगळं करायला नको. गोदामासारखं सहा-आठ मीटर उंच असेल तर तो खाली लोंबता घ्यावा लागतो किंवा दिशा देणारी अँटेना लागते. डक्ट, ट्यूबलाइटची पत्र्याची पट्टी, पाइप यांच्यापासून निदान अर्धा मीटर लांब. मीटिंग रूममध्ये लोखंडी पत्र्याचा व्हाइटबोर्ड असेल तर तोही नकाशात मांडा, तो आरशासारखा सिग्नल परतवतो.

अनुस्वार
व्हाइटबोर्ड लोखंडीच आहे, चुंबक चिकटतात त्यावर. बरं झालं सांगितलंत. म्हणजे पॅसेज की हॉल?

मध्यलय
पॅसेज नको. तो सगळ्यांना सोयीचा वाटतो कारण तिथे कोणी बसत नाही. नेमकं म्हणूनच नको. पॅसेजमध्ये लावलेल्याचा जोर पॅसेजच्या लांबीत जातो आणि खोल्यांत शिरताना प्रत्येक वेळी भिंत लागते. पुढे दुसरा आणि तिसराही पॅसेजमध्येच लावला की ते एकमेकांना सरळ रेषेत स्पष्ट ऐकतात आणि एकाच चॅनेलवर असतील तर एकमेकांसाठी थांबत राहतात. भिंती अडचणीच्या खऱ्या, पण दोन अ‍ॅक्सेस पॉइंट वेगळे ठेवायला त्याच उपयोगी पडतात.

माणसं बसतात तिथे लावा. तुमच्याकडे एक पुरणार नाही, दोन हवेत. एक हॉलच्या मध्यावर छताला, दुसरा मोठ्या मीटिंग रूममध्ये, केबिनच्या बाजूला सरकवून. लिफ्टची शाफ्ट दोघांच्या मध्ये येईल आणि तेच चांगलं. सर्व्हरच्या खोलीतल्या राउटरचं वाय-फाय बंद करून टाका, त्याला नुसतं राउटिंग करू द्या.

गणितप्रेमी
दोनची संख्या मी लगेच पक्की करणार नाही. चाळीस माणसं म्हणजे लॅपटॉप आणि फोन धरून ऐंशी उपकरणं, आणि बहुतेक हॉलमध्ये. सगळे एकदम कॉलवर बसणारं ऑफिस असेल तर हॉललाच दोन लागतील. क्षेत्रफळावरून संख्या काढली की रेंज मिळते, पण गर्दीच्या वेळी क्षमता अपुरी पडते.

मध्यलय
मान्य, पण हॉल पूर्ण मोकळा असताना तिथे दोन शेजारी-शेजारी लावले तर ते वेगळ्या चॅनेलवर हवेतच, आणि पॉवर आणखी खाली. आधी दोन लावून गर्दीच्या वेळी चॅनेल किती वेळ व्यापलेला राहतो ते बघावं. बहुतेक ऑफिससाठीचे अ‍ॅक्सेस पॉइंट हा आकडा दाखवतात. तिसऱ्याची केबल मात्र आत्ताच टाकून ठेवा.

गणितप्रेमी
केबलबद्दल एकमत. संख्येबद्दल मी माझ्या मतावर आहे, अनुस्वारने तिथे किती जण एका वेळी कॉलवर असतात ते मोजावं.

नीलकंठी
चॅनेलचं विचारायचं होतं. २.४ वर आमच्या शेजारची ऑफिसं १, ६ आणि ११ वर आहेत, म्हणून आमच्या माणसाने ३ नंबर लावला, तो रिकामा होता म्हणे. ठीक आहे ना?

मध्यलय
नाही, तो आजच बदला. २.४ मध्ये चॅनेल पाच-पाच मेगाहर्ट्झच्या अंतरावर आहेत आणि प्रत्येकाची रुंदी वीसच्या आसपास. म्हणून एकमेकांवर न चढणारे १, ६, ११ हे तीनच. ३ वर बसलात की १ चा आणि ६ चा दोघांचाही गोंगाट तुम्हाला लागतो, आणि तुमचा त्यांना. एकाच चॅनेलवर असलेली उपकरणं निदान एकमेकांचं बोलणं ओळखून पाळीपाळीने बोलतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवरचं बोलणं नुसता आवाज म्हणून ऐकू येतं, मग पॅकेट मोडतात आणि पुन्हा पाठवावी लागतात. तिघांपैकी ज्यावर वर्दळ कमी आणि सिग्नल कमजोर तो घ्या. २.४ वर ४० मेगाहर्ट्झ रुंदी कधीच ठेवू नका.

५ गिगाहर्ट्झवर जागा भरपूर आहे. तिथेही ऑफिसात २० किंवा ४० च रुंदी ठेवते मी. खोक्यावरचा मोठा वेग ८० किंवा १६० रुंदीवरचा असतो. रुंदी दुप्पट केली की नॉइज ३ डेसिबल वाढतो आणि वेगळ्या चॅनेलची संख्या निम्मी होते. ५२ पासून १४४ पर्यंतचे चॅनेल रडारबरोबर वाटून घ्यायचे असतात. तिथे सुरू होण्याआधी अ‍ॅक्सेस पॉइंट किमान एक मिनिट ऐकत बसतो, आणि नंतर रडार जाणवलं की त्याला चॅनेल सोडावाच लागतो. विमानतळ किंवा हवामानाचं रडार जवळ असेल तर महत्त्वाच्या मीटिंग रूमला ३६ ते ४८ मधलाच चॅनेल द्या.

तारजोडणी
२.४ बद्दल एक भर. मायक्रोवेव्ह आणि ब्लूटूथ दोन्ही याच पट्ट्यात, हे सगळ्यांना माहीत असतं. यूएसबी ३ चं कमी जणांना माहीत आहे. इंटेलने २०१२ साली त्यावर टिपण काढलं होतं. यूएसबी ३ ची हार्ड डिस्क किंवा तिची केबल २.४ च्या आसपास गोंगाट फेकते. लॅपटॉपला डिस्क लावल्यावर बिनतारी माउस अडखळायला लागला तर हेच. ५ वर हा त्रास नाही.

उत्तररात्र
रिपीटरचा मुद्दा समजला, धन्यवाद. दोन अ‍ॅक्सेस पॉइंट लावले की माणूस हॉलमधून मीटिंग रूममध्ये गेल्यावर फोन आपोआप दुसरा धरतो का? आमच्याकडे फोन जुन्यालाच चिकटून राहतो.

मध्यलय
धरतो, पण निर्णय फोनचा असतो, अ‍ॅक्सेस पॉइंटचा नाही. दोन्हींचं नेटवर्कचं नाव, पासवर्ड आणि सुरक्षेचा प्रकार अगदी सारखा हवा. अ‍ॅपलने जाहीर केलं आहे की आयफोन उणे ७० च्या खाली गेल्यावर दुसरा शोधायला लागतो, मॅक उणे ७५ नंतर. जुन्याचा सिग्नल मीटिंग रूममध्येही उणे ६५ असेल, तर फोन तो सोडण्याचं कारणच नाही. पूर्ण पॉवरचा आणखी एक तोटा. ८०२.११ या वाय-फायच्या प्रमाणातले के, व्ही आणि आर हे प्रकार चालू केले तर शेजारचा शोधणं आणि बदलणं सोपं होतं. मात्र काही जुने प्रिंटर आणि स्कॅनर ‘आर’ चालू असलं की जोडले जात नाहीत, ते आधी तपासा.

आणि नेटवर्कची नावं कमी ठेवा. प्रत्येक नाव सेकंदाला साधारण दहा वेळा हवेत स्वतःची ओळख सांगतं, तीही सर्वांत कमी वेगाने. कर्मचारी आणि पाहुणे, दोन पुरेत. प्रत्येक विभागाला वेगळं नाव देऊ नका.

अनुस्वार
मंडळी, कायमचं लावण्याआधी तात्पुरतं करून बघितलं. नवा अ‍ॅक्सेस पॉइंट उंच स्टँडला बांधला, छताजवळ धरला, लांब केबल नुसती जमिनीवरून नेली. पॉवर मध्यम. हॉलच्या मध्यावर असताना हॉलमध्ये सगळीकडे उणे ४८ ते उणे ६०, पण मीटिंग रूममध्ये उणे ७६. तोच मीटिंग रूममध्ये नेला तर त्या खोलीत उणे ४५, तिन्ही केबिनमध्ये उणे ५७ ते ६३, कोपऱ्यातलीसकट. व्हाइटबोर्डच्या मागच्या केबिनमध्ये आधी उणे ६९ येत होतं. स्टँड दोन मीटर बाजूला सरकवल्यावर उणे ६१ झालं. ऑफिसातला सर्वांत जुना फोन घेऊन मोजलं आहे. दोन घेतोय, तिसऱ्याची केबल हॉलमध्ये टाकून ठेवतोय. दुपारी हॉलमध्ये एका वेळी दहा-बारा जण कॉलवर असतात, त्यामुळे गणितप्रेमींचं म्हणणंही डोक्यात आहे.

हे आकडे सुट्टीच्या दिवशीचे आहेत. फरक पडेल?

गणितप्रेमी
पडेल. माणसाच्या शरीरात पाणी असतं, एक माणूस आडवा आला की तीन-चार डेसिबल सहज जातात. भरलेल्या मीटिंग रूमसाठी पाचेक डेसिबल राखीव धरा. तुमच्या आकड्यांत तेवढी जागा आहे.

तारजोडणी
छान केलंत, असं करून बघणारी ऑफिसं फार कमी. आता केबलचं. स्विचपासून अ‍ॅक्सेस पॉइंटपर्यंत जोडकेबली धरून शंभर मीटरच्या आत, तुमचं अंतर त्यात सहज बसतं. वीज त्याच केबलमधून द्या, छतात वेगळा प्लग नको. पीओई (केबलमधूनच वीज देणारा) नेटवर्क स्विच घेताना अ‍ॅक्सेस पॉइंटला लागणारे वॅट बघा. त्याची दोन प्रमाणं आहेत: ८०२.३एएफ प्रत्येक पोर्टला १५.४ वॅट देतो, एटी ३० वॅट. नवे अ‍ॅक्सेस पॉइंट बऱ्याचदा एटी मागतात, आणि एएफ वर चालवले तर काही जण गुपचूप एखादा रेडिओ बंद करतात किंवा पॉवर उतरवतात. केबल शुद्ध तांब्याची असल्याची खात्री करा. तांब्याचा मुलामा दिलेली अ‍ॅल्युमिनियमची केबल हलकी आणि स्वस्त असते, पण तिचा रोध जास्त. लांब अंतरावर व्होल्टेज पडतं आणि केबल तापते.

छताच्या वर प्रत्येक टोकाला तीन मीटर केबल गुंडाळून ठेवायला सांगा. उद्या पार्टिशन हललं किंवा व्हाइटबोर्डची भिंत बदलली तर अ‍ॅक्सेस पॉइंट सरकवता येईल.

अनुस्वार
तीन मीटरचं केबलवाल्यांना लिहूनच देते. पाहुण्यांचं नेटवर्क दोन्हींवर ठेवू की फक्त मीटिंग रूमच्या?

मध्यलय
पाहुणे हॉलमध्ये बसत नसतील तर फक्त मीटिंग रूमच्या. हॉलच्या हवेत तेवढी एक घोषणा कमी. कर्मचाऱ्यांचं नाव मात्र दोन्हींवर, आणि २.४ वरचे १, २, ५.५, ११ मेगाबिटचे जुने वेग बंद करा, त्या काळातलं एखादं उपकरण वापरात नसेल तर.

अनुस्वार
हजेरीचं यंत्र जुनं आहे, २.४ वरच चालतं. ते केबलने जोडता येतं का बघते आणि मग वेग बंद करते.